बाळाच्या लशींचं कार्ड जपून ठेवलंय, पण माझं स्वतःचं कुठाय?

पाऊलवाट – सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, परवा लेकाला दीड महिन्याचे डोस द्यायला मीच घेऊन गेलो होतो. बायकोला जरा झोप मिळावी हा हेतू. मांड्यांवर टोचून झालं, तोंडात थेंब टाकून झाले, लेकाने अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला. कार्डावर तारीख लिहिता लिहिता नर्सबाईंनी सहज विचारलं, "तुमचा धनुर्वाताचा शेवटचा डोस कधी झाला? आणि बाळाच्या आजोबांनी फ्लूची लस घेतलीय का?"

माझी बोलती बंद. लेकाच्या कार्डाला मी प्लॅस्टिकचं कव्हर घातलंय, पण माझं कार्ड कधी होतं की नाही हेसुद्धा मला ठाऊक नाही. आईला फोन केला तर म्हणे, "सगळं दिलंय तुला वेळेवर, आता काय त्याचं!"

तर माझे प्रश्न असे. एवढ्याशा जिवाला इतक्या लशी आणि त्याही इतक्या लवकर का? आमचा पुढचा डोस प्रवासामुळे तीन आठवडे लांबणार आहे, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल का? आणि मोठ्या माणसांचं काय, लहानपणी झालं ते जन्माला पुरतं का?

अनुभव लिहा, वाद घाला, पण कृपा करून फॉरवर्ड चिकटवू नका.


टाचणी – सोमवार, रात्री १०.५२

माझा आयडी बघून धाग्यावर येणारी बाळं रडतील म्हणून मी मागे उभी राहते. वाचतेय.


बाराखडी – सोमवार, रात्री ११.३०

बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून आधी लांबलेल्या डोसचं सांगते, कारण रोज कोणीतरी हा प्रश्न घाबऱ्या चेहऱ्याने विचारतं. पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. पहिल्या डोसने ज्या स्मरणपेशी (जंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी) तयार झाल्या त्या तीन आठवड्यांत कुठे जात नाहीत. जिथे थांबलात तिथून पुढे चालू करायचं. लांबलं तर चालतं, ठरलेल्या अंतरापेक्षा लवकर मात्र देऊ नये, कारण आधीचा प्रतिसाद पुरता पिकलेला नसतो. अपवाद रोटाव्हायरसचा, म्हणजे बाळांच्या जुलाबाच्या विषाणूचा. ती लस ठरावीक वयाच्या आत सुरू करावी लागते आणि ती वयोमर्यादा देशोदेशी वेगळी आहे. म्हणून प्रवासाला निघण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

"इतक्या लवकर का" याचं उत्तर प्रत्येक लशीला वेगळं आहे. कावीळ ब घ्या. जन्माच्या वेळी आईकडून ती लागली तर साधारण ९० टक्के बाळांमध्ये विषाणू यकृतात कायमचा मुक्काम ठोकतो. मोठ्या माणसाला लागली तर हे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी. म्हणून तो डोस जन्मल्यापासून २४ तासांत. डांग्या खोकल्याने जी बाळं दगावतात ती बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांतली, म्हणून दीड-दोन महिन्यांनाच सुरुवात.

गोवराचं उलट आहे. आईच्या रक्तातून आलेली प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी प्रथिनं) बाळाच्या अंगात काही महिने असतात आणि ती लशीतल्या अशक्त केलेल्या जिवंत विषाणूलाही मारून टाकतात. लवकर दिली तर लस फुकट जाते आणि उशीर केला तर मधल्या काळात बाळ उघड्यावर पडतं. जिथे गोवर खूप आहे तिथे ९ महिन्यांना देतात, जिथे कमी आहे तिथे वर्षाचं झाल्यावर. दोन्ही बरोबर.


मोरपंखी – मंगळवार, सकाळी ७.१५

डॉक्टर, हे गोवराचं कोणी कधी असं सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं नऊ महिने म्हणजे उगाच ठरवलेला आकडा.


शंकेखोर – मंगळवार, सकाळी ९.०५

आयडीला जागतो. मी लसविरोधी नाही, माझ्या दोन्ही मुलींना सगळं दिलंय. पण काही गोष्टी गळी उतरत नाहीत.

एक, एकाच दिवशी पाच-सहा रोगांच्या लशी दिल्यावर बाळाच्या शरीरावर ताण येत नाही? दोन, साथीच्या बातम्या नीट वाचल्या तर आजारी पडलेल्यांत लस घेतलेलेही बरेच असतात. मग उपयोग काय? तीन, आम्हा चारही भावंडांना गोवर झाला, आठ दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होतो, बरे झालो. त्याचा एवढा बाऊ कशाला?

आणि लशीने स्वमग्नता (ऑटिझम) येते हे कोणीतरी काढणारच, म्हणून मीच काढतो.


टाचणी – मंगळवार, सकाळी ९.११

चला, धागा शंभरी गाठणार.


खडूफळा – मंगळवार, दुपारी १.४०

शंकेखोर, तुमचा दुसरा प्रश्न मी दरवर्षी नववीच्या पोरांना गणित म्हणून घालते. डब्याची सुट्टी आहे तेवढ्यात लिहून टाकते.

समजा एका शाळेत १००० मुलं आहेत. ९९० जणांना गोवराचे दोन्ही डोस झालेत, १० जणांना एकही नाही. दोन डोसांचा परिणाम साधारण ९७ टक्के धरा. गोवर शाळेत शिरला आणि प्रत्येकाच्या नाकापर्यंत पोचला. लस न घेतलेल्या १० पैकी ९ जण पडले. लस घेतलेल्या ९९० पैकी ३ टक्के म्हणजे जवळपास ३० पडले. एकूण रुग्ण ३९, त्यातले ३० "लस घेतलेले". बातमी हीच येते.

आता छेद बदला. लस न घेतलेल्यांत १० पैकी ९. घेतलेल्यांत ३३ पैकी १. पोरं पहिल्यांदा फसतात, मग चिडतात, मग घरी जाऊन बापाला फसवतात.


अर्धविराम – मंगळवार, दुपारी २.२०

खडूफळाबाई, दंडवत. फक्त एक खोडी काढतो. ९९० जणांना लस दिलेली असताना गोवर प्रत्येकाच्या नाकापर्यंत पोचणारच नाही. एक गोवराचा रोगी, आजूबाजूला कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना लागण करतो. तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. पण भोवतालचे ९५ टक्के सुरक्षित असले की त्याला पुढचा माणूसच सापडत नाही आणि साखळी तुटते. म्हणजे तुमचे ते ३९ प्रत्यक्षात एक-दोनच निघतील.


खडूफळा – मंगळवार, दुपारी २.२८

मान्य. पण नववीला तेवढं झेपत नाही हो. मलाही.


बाराखडी – मंगळवार, रात्री १०.५५

ताणाबद्दल: बाळ जन्मल्यापासून काही दिवसांत त्याच्या कातडीवर आणि आतड्यांत अब्जावधी जिवाणू वस्तीला येतात, आणि त्याची प्रतिकारशक्ती ते सगळं हाताळत असते. कावीळ ब च्या लशीत विषाणूचं एकच प्रथिन असतं. जुन्या काळी देवीची जी एकच लस टोचत, तिच्यात जवळपास २०० प्रथिनं होती. टोचण्या वाढल्या, पण लशी जास्त नेमक्या झाल्या.

स्वमग्नता: १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात, लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा निबंध आला, अवघ्या १२ मुलांवरचा. त्यात गैरप्रकार आढळले, २०१० साली नियतकालिकाने निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी त्यांचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. त्यानंतर डेन्मार्कमध्ये ६ लाख ५७ हजारांहून जास्त मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घेतलेल्या मुलांत न घेतलेल्यांपेक्षा स्वमग्नतेचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. आई-बापांना संशय का येतो ते मात्र मला कळतं. ज्या वयात ही लस देतात त्याच वयाच्या आसपास मूल बोलत नाही, नजर देत नाही हे पहिल्यांदा लक्षात येतं. समोर बसलेल्या आईला मी "मूर्खपणा आहे" असं कधीच म्हणत नाही.

आणि गोवर. तुम्ही चौघे बरे झालात याचा आनंद आहे. पण जे बरे झाले नाहीत ते अशा धाग्यांवर लिहायला येत नाहीत. शिवाय गोवर नुसता येऊन जात नाही, शरीराची जुनी वही फाडून जातो. २०१९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं, तर इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली होती. म्हणजे पूर्वी झालेले आजार शरीर विसरून गेलं. गोवरानंतर पुढची दोन-तीन वर्षं मुलं सारखी आजारी का पडतात, त्याचं हे एक कारण.


शंकेखोर – बुधवार, सकाळी ८.३०

वही फाडण्याचं माहीत नव्हतं. गणितही पटलं. पण तुम्ही मंडळी लशींच्या चुकांबद्दल कधी बोलत नाही, तिथे माझी शंका कायम.


निवांत_काका – बुधवार, सकाळी ११.००

पोरांनो, तुमच्या आधीच्या पिढीचा दंड बघा. माझ्या दंडावर दोन व्रण आहेत, एक देवीच्या लशीचा आणि एक बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा. आमच्या वेळी "लस घेतली" असं कोणी म्हणायचं नाही, "देवी काढल्या" म्हणायचे. दारात देवीचा डॉक्टर आला की आम्ही माळ्यावर. माझी आत्या देवीने एका डोळ्याने गेली होती, ती आम्हाला खाली ओढून आणायची. ती काही समजावून सांगत नसे. तिचा चेहराच पुरेसा होता.

इंग्लंडात एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ रोजी गवळणीच्या हातावरच्या गोदेवीच्या फोडातला द्रव घेऊन जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. गायीला लॅटिनमध्ये 'वाक्का', त्यावरून 'व्हॅक्सिन'. नैसर्गिकरीत्या देवी झालेला शेवटचा रुग्ण १९७७ साली सोमालियात सापडला आणि १९८० मध्ये रोग संपल्याचं जाहीर झालं. त्यामुळे तुमच्या पिढीच्या दंडावर एक व्रण कमी आहे.


मोरपंखी – बुधवार, सकाळी ११.२०

काका, माझ्या धाकटीच्या दंडावर बीसीजीचा व्रण आलाच नाही. म्हणजे लस लागली नाही का? नणंद म्हणते परत दे.


पायपीट – बुधवार, दुपारी ४.१०

मोरपंखी, परत द्यायची गरज नाही. काही मुलांना व्रण येतच नाही, त्याचा अर्थ लस वाया गेली असा नाही. जागतिक आरोग्य संघटनाही फक्त व्रण नाही म्हणून पुन्हा टोचा असं सांगत नाही. बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या आणि शरीरभर पसरणाऱ्या क्षयापासून चांगलं वाचवते. मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयाला मात्र तिचा आधार बेभरवशाचा.

मी वीस वर्षं लशींची पेटी खांद्याला अडकवून फिरतेय, म्हणून आई-बापांना चार गोष्टी सांगते. लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. उन्हाने लस बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गोठल्याने बिघडते हे पुष्कळांना माहीत नसतं. डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), कावीळ ब यांसारख्या लशींत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो. एकदा गोठल्या की त्याचे कण चिकटून गुठळ्या होतात आणि लस कामातून जाते. नव्या नोकरीत पहिल्याच उन्हाळ्यात मी लस चांगली थंड राहावी म्हणून बाटल्या थेट कडक गोठलेल्या बर्फाला लावून ठेवल्या होत्या. पर्यवेक्षकबाईंनी एक बाटली हलवून टेबलावर ठेवली, शेजारी चांगली बाटली ठेवली. माझ्या बाटलीत खाली साका बसला, शेजारची ढगाळ ती ढगाळच. सगळा साठा फेकावा लागला. त्या दिवशी मी खूप रडले.

बऱ्याच बाटल्यांवर एक खूण असते, गोलात चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरायची, दोन्हींचा रंग सारखा झाला की टाकून द्यायची. बिनधास्त दाखवायला सांगा, आम्हाला राग येत नाही. उलट बरं वाटतं, कोणीतरी बघतंय.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. तीव्र अ‍ॅलर्जी दहा लाख डोसांमागे एखाद्याला होते, पण झालीच तर बहुधा लगेच होते आणि तिचं औषध आमच्या हाताशी असतं. "गाडी उभी आहे" म्हणून पळू नका. मांडी चोळू नका. ताप येण्याआधीच पॅरासिटामॉल पाजू नका, डॉक्टरांनी खास सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. ताप आला, बाळ चिडचिड करू लागलं, तर सांगितलेल्या मापात द्या.


अर्धविराम – बुधवार, संध्याकाळी ६.०५

पायपीटताई, शेवटच्या मुद्द्याला पुरावाही आहे. चेक प्रजासत्ताकात झालेल्या २००९ च्या अभ्यासात आधीच पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांना ताप कमी आला, पण काही लशींची प्रतिपिंडंही कमी बनली.


रेघोट्या – बुधवार, संध्याकाळी ६.४०

ताई, तुमची पोस्ट नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. दर वेळी "गाडी उभी आहे" म्हणणारा तोच.


बाराखडी – बुधवार, रात्री ११.१५

शंकेखोर यांच्या कायम शंकेकडे येते. चुका झाल्या आहेत आणि त्या आम्हाला शिकवल्याही जातात. १९५५ मध्ये साल्क यांची पोलिओची लस आली. त्याच वर्षी अमेरिकेत एका उत्पादकाच्या काही साठ्यांत विषाणू पुरता मेलेलाच नव्हता. मुलांना त्या लशीनेच पोलिओ झाला, काहींना अपंगत्व आलं, काही दगावली. त्यानंतर उत्पादनावरची देखरेख पार बदलली. १९९८ मध्ये रोटाव्हायरसची पहिली लस आली. साधारण १० हजार बाळांमागे एकाच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकतोय असं वर्षभरात नोंदींतून लक्षात आलं आणि १९९९ मध्येच ती बाजारातून काढली. पुढच्या रोटाव्हायरस लशी हजारो बाळांवर, नेमकी हीच गोष्ट डोळ्यांत तेल घालून तपासून मगच आल्या.

तोंडावाटे द्यायच्या पोलिओ थेंबांतला विषाणू जिवंत असतो. अतिशय क्वचित, काही दशलक्ष डोसांत एखाद्या वेळी, तोच लुळेपणा आणतो. जंगली (लशीतून न आलेल्या, निसर्गात पसरणाऱ्या) पोलिओचे रुग्ण ढिगाने होते तेव्हा तो धोका पत्करण्यासारखा होता. आता रोग जवळपास संपत आल्यावर तोच आकडा डोळ्यांत खुपतो, म्हणून टोचायच्या मृत विषाणूच्या लशीकडे वळणं चाललं आहे.


शंकेखोर – गुरुवार, सकाळी ७.५०

हे असं कोणी सांगितलं असतं तर मी आयडीच वेगळा घेतला असता. "काहीही होत नाही, गप्प घ्या" या सुराने माझ्यासारखी माणसं बिथरतात. आभार.


टाचणी – गुरुवार, सकाळी ८.२०

आता एक वैयक्तिक गाऱ्हाणं. मागच्या महिन्यात मला कुत्रा चावला. पोटरीला. पाळलेला होता, मालक म्हणाले त्याचे सगळे डोस झालेत, कागद दाखवतो. कागद अजून सापडतोय. मी सुया घेतल्या. पण एक कळलं नाही, विषाणू आत गेल्यावर लस कशी काय चालते? आग लागल्यावर विहीर खणायची नाही असं ऐकलं होतं.


बाराखडी – गुरुवार, दुपारी ३.००

टाचणी, छान केलंत. रेबीजच्या बाबतीत विहीर खणायला वेळ मिळतो. हा विषाणू रक्तातून धावत नाही, मज्जातंतूंवरून मेंदूकडे रांगत जातो. त्याला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात आणि तेवढ्यात लस प्रतिपिंडं तयार करून घेते. पाश्चर यांनी १८८५ मध्ये नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला दिली तीही चावल्यानंतरच. पण लक्षणं सुरू झाली की हा रोग जवळजवळ शंभर टक्के जीवघेणा, म्हणून कागदाची वाट बघायची नाही. जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. जखम खोल असेल तर तिच्यात तयार प्रतिपिंडंही टोचावी लागतात, कारण लशीचा परिणाम सुरू व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. ही प्रतिपिंडं उसनवारीची असतात, लस म्हणजे स्वतःची कमाई. आणि सगळे डोस पूर्ण करा, दोन सुयांनंतर बरं वाटतंय म्हणून थांबू नका.


टाचणी – गुरुवार, दुपारी ३.०४

चौथी परवा आहे. नाव टाचणी आणि सुईला घाबरते, हे कोणाला सांगू नका.


मोरपंखी – गुरुवार, रात्री ९.३०

मोठ्यांच्या लशींबद्दल कोणी बोलेना, म्हणून मी नागिणीबद्दल लिहिते. बावन्नाव्या वर्षी मला झाली. आधी दोन दिवस बरगडीखाली आग आग, मग एका बाजूने पट्टा उठला. "दोन्ही टोकं जुळली की संपलं" असं सांगणारे चार जण भेटले. फोड पंधरा दिवसांत गेले, पण वेदना पाच महिने राहिली. साडीचा पदर लागला तरी कळ यायची. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणूच पाठीच्या कण्याजवळ दडून बसलेला असतो आणि म्हातारपणी डोकं वर काढतो, हे तेव्हा कळलं. एका मज्जातंतूच्या वाटेनेच तो बाहेर येतो, म्हणून पट्टा शरीराच्या एकाच बाजूला. टोकं जुळायचा प्रश्नच येत नाही. पन्नाशीनंतर घ्यायची दोन डोसांची लस आहे, हे मला आजार झाल्यावर समजलं. पुन्हा होऊ शकते म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यावर नंतर घेतली.


अर्धविराम – गुरुवार, रात्री १०.१०

यावरून मुलांच्या कांजिण्यांच्या लशीचा वाद आठवला. काही देशांनी ती वर्षानुवर्षं वेळापत्रकात घेतलीच नाही. त्यांचा युक्तिवाद असा की कांजिण्या झालेली मुलं आजूबाजूला असली की मोठ्यांच्या प्रतिकारशक्तीला अधूनमधून उजाळा मिळतो आणि नागीण दबून राहते. मला तो युक्तिवाद पटायचा.


बाराखडी – गुरुवार, रात्री ११.४०

मला कधीच पटला नाही. आजोबांची नागीण दाबायला नातवाने फोड का सोसायचे? आजोबांनाच लस द्या ना.


अर्धविराम – शुक्रवार, सकाळी ८.००

आता दोन्ही लशी आहेत म्हणून तुम्ही असं म्हणू शकता, डॉक्टर. नागिणीची लस हाताशी नव्हती तेव्हा निर्णय एवढा सोपा नव्हता. इथे मी अडून बसतो.


रेघोट्या – शुक्रवार, सकाळी १०.१५

तुमचं भांडण चालू द्या, मी मध्येच विचारते. मुलगी बारा वर्षांची आहे. एचपीव्हीची (शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूची) लस आताच द्यायची का? सासूबाई म्हणतात, "एवढ्या लहान मुलीला त्या आजाराची लस कशाला?"


पायपीट – शुक्रवार, दुपारी १.३०

हेच वय. ९ ते १४. एक तर या वयात शरीर लशीला जोरात प्रतिसाद देतं, त्यामुळे कमी डोस पुरतात. दुसरं म्हणजे विषाणूशी गाठ पडायच्या आधी घेतली तरच पूर्ण फायदा, आधीच झालेली लागण ही लस बरी करत नाही. सासूबाईंना सांगा, ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस आहे. मी याच शब्दांत सांगते, मग कोणी नाक मुरडत नाही. स्कॉटलंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी पूर्ण डोस घेतलेल्या मुलींत पुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग एकीलाही आढळला नाही, असा अहवाल २०२४ मध्ये आला. मात्र मोठेपणी तपासणी चुकवायची नाही, कारण लशीत विषाणूचे सगळे प्रकार नसतात. आणि शक्य असेल तर मुलांनाही द्या, हा विषाणू मुलगा-मुलगी बघत नाही.


निवांत_काका – शुक्रवार, संध्याकाळी ५.००

मुलींवरून आठवलं. मॉरिस हिलमन म्हणून एक संशोधक होते. १९६३ मध्ये एका रात्री त्यांच्या लेकीला, जेरिल लिनला, गालगुंड झाले. बाप काय करेल? औषध देईल, शेक देईल. याने तिच्या घशाला बोळा लावून नमुना घेतला, प्रयोगशाळेत नेऊन ठेवला आणि पुढे त्याच विषाणूला अशक्त करून लस बनवली. १९६७ मध्ये तिला परवानगी मिळाली. त्या विषाणूच्या वाणाचं नाव आजही 'जेरिल लिन'. तुमच्यापैकी कित्येकांना तोच टोचला असेल.


पाऊलवाट – शनिवार, रात्री ९.२०

धागा वाचताना मला माझाच मूळ प्रश्न सापडेना, म्हणून परत विचारतो. मोठ्यांचं काय? मी गुरुवारी डॉक्टरांना भेटून आलो आणि त्यांनी जे सांगितलं ते इथे मांडतो, जाणकारांनी तपासावं.

धनुर्वाताचा डोस दर दहा वर्षांनी. मी म्हटलं, सगळ्यांनी घेतलाय ना, मग मी कळपात सुरक्षित. ते हसले. हा जिवाणू मातीत असतो, माणसाकडून माणसाकडे जातच नाही, त्यामुळे शेजाऱ्याच्या लशीचा मला शून्य उपयोग. धनुर्वात होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो, कारण जिवाला घातक असलेलं विष इतकं थोडं असतं की शरीर त्याला ओळखायलाच शिकत नाही. माझ्यासाठी त्यांनी डांग्या खोकल्याचाही अंश असलेला डोस निवडला, कारण मोठ्यांचा तो "साधा खोकला" घरातल्या बाळाला भारी पडतो. बायकोला हाच डोस गरोदरपणात सातव्या-आठव्या महिन्यात दिला होता, त्याची प्रतिपिंडं लेकाला जन्मताच मिळाली. हे मला आत्ता कळतंय!

बाबांसाठी फ्लूची दरवर्षी, शिवाय न्यूमोनियाची आणि नागिणीची. फ्लूची दरवर्षी का, तर विषाणू रूप बदलत राहतो. पुढच्या हंगामासाठी लशीत कोणते प्रकार घालायचे ते ठरवायला जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा बैठक घेते.

माझा दंड दोन दिवस दगडासारखा झाला होता. लेकाने मात्र दीड महिन्यात तीनदा सोसलंय, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.


बाराखडी – शनिवार, रात्री १०.०५

यादी बरोबर आहे. दोन भर घालते. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या बाईने आधीच रुबेलाची प्रतिकारशक्ती तपासून घ्यावी, कारण ती लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपणात देता येत नाही, आणि पहिल्या तिमाहीत रुबेला झाला तर बाळाच्या डोळ्यांना, कानांना, हृदयाला इजा होते. आणि कावीळ ब लहानपणी मिळाली नसेल तर मोठेपणी घ्या.

ज्यांना "घेतली की नाही आठवत नाही" त्यांना एकच सांगणं. नोंद नसेल तर बहुतेक लशींच्या बाबतीत घेतली नाही असं धरून चालतात. गोवराचा एखादा जादा डोस झाला म्हणून काही बिघडत नाही. फक्त कर्करोगाचे उपचार चालू असतील, स्टिरॉइड चालू असतील, तर जिवंत विषाणूच्या लशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.


शंकेखोर – रविवार, सकाळी ९.४५

फ्लूबद्दल एक खडा टाकतो. तिचा परिणाम चांगल्या वर्षीही ४० ते ६० टक्केच असतो ना? गोवराच्या ९७ शी तुलना करा.


पायपीट – रविवार, दुपारी १२.१०

बरोबर आहे, लपवत नाही. पण म्हाताऱ्या माणसाला फ्लू झाला तरी तो घरी झोपून बरा होणं आणि ऑक्सिजनवर जाणं, यातला फरक ती बऱ्याच जणांत करते. लस हा एकच शब्द आहे, पण गोवराची दारातच अडवते, फ्लूची बऱ्याचदा आत आलेल्या चोराला फार नेऊ देत नाही, धनुर्वाताची फक्त विषाचा दात पाडते. सगळ्यांना एका तराजूत घातलं की भांडणं होतात.


शंकेखोर – रविवार, दुपारी १२.३०

ताई, विषाचा दात मी उचलला. पुढच्या वादात माझा म्हणून वापरणार.


पाऊलवाट – रविवार, रात्री १०.३०

बाबा फ्लूच्या लशीला तयार नव्हते. "मला जन्मात फ्लू झाला नाही" हे पालुपद. निवांत_काकांची आत्याची पोस्ट वाचून दाखवली. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने बाही वर करून नातवाला दंडावरचा व्रण दाखवत बसले होते.

आज त्यांचं कार्ड केलं. नाव, जन्मतारीख मी लिहिली. पहिल्या ओळीत फ्लू लिहायला गेलो तर पेन हातातून घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "देवी – साल आठवत नाही."


निवांत_काका – रविवार, रात्री १०.५०

साल राहू दे म्हणावं. दंडावर सही आहे.


रेघोट्या – सोमवार, सकाळी ७.०५

हे कोरं कार्ड मिळतं कुठे? की वहीच्या पानावर केलं तरी चालतं?


पायपीट – सोमवार, सकाळी ७.४०

चालतं. तारीख, लशीचं नाव आणि बाटलीवरचा बॅच नंबर लिहा. आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कागद उंदीर खातात.